पूर्वपक्षाचा मान

(ज्युबिली महोत्सवाच्या सायंसभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं मागील उपकारांचें स्मरण करावें आणि परलोकवासी झालेल्यांचीं नांवें आदरानें घ्यावीं, ही आपली रीत आहे. ती आज सकाळच्या पवित्र मिस्सांत व या सभेंतहि यथायोग्य पाळली गेली. आमच्या वांट्यास मात्र निराळा विषय आला आहे. मध्ययुगांतील ख्रिस्ती पंडितांनीं ईश्वरशास्त्र, तर्कशास्त्र व सत्ताशास्त्र यांवर जीं भाष्यें लिहिलीं, त्यांविषयीं चार शब्द सांगावे, अशी आज्ञा झाली आहे. विषय ऐकतांच कित्येकांच्या मनांत आलें असेल कीं, कापसाच्या व केळींच्या या मुलुखांत, रेल्वेंत, शाळांत, इस्पितळांत, शेतांत राबणाऱ्या माणसांस सातशें वर्षांमागील लॅटिन पोथ्यांशीं काय कर्तव्य? प्रश्न अगदीं रास्त आहे. आणि रास्त प्रश्न टाळूं नये, हीच त्या पंडितांची पहिली शिकवण आहे. म्हणून प्रथम एक गोष्ट सांगतों. तींतील चूक आमचीच आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं रविवारच्या धर्मशिक्षणाचा एक वर्ग आमच्याकडे होता. एके दिवशीं नववींतील एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, पाऊस कसा पडतो, बीं कसें उगवतें, रोग कशानें होतो, हें सर्व आम्हांला शाळेंत शिकवितात. त्यांत देवाचें नांव कोठें येत नाहीं, आणि तरी सगळें बरोबर जुळतें. मग देव आहे असें मानायचें तें कशासाठीं?" वर्गांत कुजबुज झाली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आणि तें मुलांच्या लक्षांत येऊं नये म्हणून आम्हीं आवाज चढविला. "असलें विचारणें हें पाप आहे, खालीं बैस," असें बोलून गेलों. मुलगा खालीं बसला. पुढच्या रविवारीं तो आला, त्याच्या पुढच्या रविवारींहि आला. परंतु त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं. दृढीकरण संस्कार झाल्यावर तो देवळांत दिसेनासा झाला.

या गोष्टीस कित्येक वर्षें लोटल्यावर संत थॉमस अक्विनास यांचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा ग्रंथ आमच्या हातीं आला. त्याच्या पहिल्या भागांतील दुसऱ्या प्रश्नाचें तिसरें कलम ‘ईश्वर आहे काय?’ याविषयीं आहे. संतांनीं तेथें आरंभींच आपलें मत सांगितलें असेल, अशी आमची समजूत होती. पाहतों तों काय, आरंभीं ईश्वर नाहीं असें म्हणणाऱ्याचें म्हणणें मांडलेलें! त्याचे आक्षेप दोन. पहिला असा कीं, ईश्वर अनंत मंगल असता तर जगांत अमंगल उरलेंच नसतें. पण तें तर दिसतें. दुसरा असा कीं, सृष्टींतील गोष्टींचा उलगडा सृष्टीच्या नियमांनीं होतो व माणसाच्या कृत्यांचा उलगडा त्याच्या बुद्धीनें व इच्छेनें होतो; मग ईश्वर मानण्याचें प्रयोजन काय? बंधुभगिनींनो, हा आमच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न! ज्यास आम्हीं पाप म्हटलें, तोच ख्रिस्तसभेच्या एका महान् आचार्यानें स्वतःच्या हातानें, कांहींहि सौम्य न करितां, आपल्या ग्रंथांत नोंदून ठेविला होता. त्या दिवशीं आम्ही फार ओशाळलों.

आतां ही पद्धति कशी उत्पन्न झाली तें पाहूं. युरोपांतील विद्यापीठांत त्या काळीं शिक्षण म्हणजे प्रमाण ग्रंथाचें वाचन. गुरूनें पवित्र शास्त्र अथवा ॲरिस्टॉटल घ्यावा, ओळीओळीचा अर्थ लावावा. अर्थ लावतांना दोन वचनांचा मेळ बसला नाहीं कीं प्रश्न उभा राही. प्रश्नावरून वाद होई. वादाच्या शेवटीं गुरु निर्णय देई. बाराव्या शतकाच्या मध्यास पीटर लोंबार्ड या पॅरिसच्या पंडितानें धर्मपितरांचीं मतें विषयवार लावून ‘सेंतेंतिया’ या नांवाचे चार भाग रचिले. पुढें ईश्वरशास्त्राचा आचार्य होऊं पाहणाऱ्या प्रत्येकास या ग्रंथावर भाष्य सांगावें लागे. संत बोनाव्हेंतुरा, संत थॉमस, डन्स स्कोटस, विल्यम ऑफ ओकम, सर्वांनीं तें सांगितलें. आणि ग्रंथ एकच असून भाष्यें मात्र भिन्न भिन्न झालीं. म्हणजे भाष्य करणें याचा अर्थ गुरूच्या शब्दांची घोकंपट्टी करणें असा कधींच नव्हता.

प्रत्येक कलमाचा सांचाहि ठरलेला असे. प्रथम प्रश्न, मग विरुद्ध पक्षाचे आक्षेप, मग त्यांच्या उलट बाजूचें एक प्रमाण, मग आचार्यांचें स्वतःचें उत्तर, आणि अखेरीस एकेका आक्षेपाचें वेगवेगळें समाधान. ‘सुम्मा’ मध्यें अशीं अडीच हजारांहून अधिक कलमें आहेत. समाधान करितांना आक्षेपकास बहुधा सर्वस्वीं खोटा ठरविलेला नसतो. ‘या अर्थानें तुझें म्हणणें खरें, त्या अर्थानें नाहीं,’ असा भेद दाखविलेला असतो.

ही रीत ऐकून आपणांपैकीं कित्येकांस आपल्या देशांतील शास्त्रीपंडितांची आठवण झाली असेल. पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्त सांगूं नये, हा आपल्याकडील भाष्यकारांचाहि नियम. एकानें दुसऱ्याचें उचललें असें आमचें म्हणणें नाहीं. सत्याचा शोध मनापासून करणारीं माणसें दूरदूरच्या देशांत राहूनहि एकाच वाटेस लागतात, एवढेंच यावरून दिसतें.

आणि या बाबतींत आपलें खानदेश मागें नाहीं. चाळीसगांवजवळ पाटणादेवीच्या डोंगरांत पाटण येथें एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे यादवराजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होते, त्यांनीं आपल्या आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदि ग्रंथ शिकविले जावे म्हणून तेथें मठ स्थापिला. त्या मठास निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें दिलेल्या दानाचा तो लेख असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. हें दान इ. स. १२०७ मधील. पॅरिसच्या विद्यापीठास पोपमहाशयांच्या प्रतिनिधीनें नियम घालून दिले ते १२१५ सालीं. म्हणजे सीन नदीच्या कांठीं ॲरिस्टॉटलवर वाद चालले असतां आपल्या सातमाळ्याच्या कुशींत विद्यार्थी गणितावरील भाष्य ऐकत होते. संत थॉमस १२७४ च्या मार्च महिन्यांत निवर्तले. त्यानंतर सोळा वर्षांनीं, शके १२१२ मध्यें, आज आपल्या नाशिक धर्मप्रांतांत असलेल्या नेवाशास मराठींतील थोर भाष्य, ज्ञानेश्वरी, सिद्ध झालें. त्या ग्रंथाची एक जुनी प्रत शोधून ती १९०९ सालीं प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य राजवाडे यांनीं देह ठेविला तो धुळ्यास. आणि १९१६ सालीं प्रताप शेट यांनीं अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर काढलें. तेथें वेदान्ताबरोबर पाश्चात्य दर्शनांचाहि अभ्यास होई. अशा भूमींत राहणाऱ्या आम्हीं ख्रिस्ती जनांनींच तेवढी विचारास पाठ फिरवावी, हें शोभत नाहीं.

त्या भाष्यांत आहे तरी काय, त्याची थोडी चव आतां घेऊं. ‘असणें’ म्हणजे काय, हा सत्ताशास्त्राचा प्रश्न. ॲरिस्टॉटलच्या या विषयावरील ग्रंथावर संत थॉमसांनीं विस्तृत भाष्य लिहिलें. त्यांतील एक भेद आपल्या केळीच्या बागेंत उभें राहून समजतो. मृगबागेसाठीं लावलेला कंद हातीं घ्या. यांत घड आहे काय? आहे म्हणावें तर दिसत नाहीं. नाहीं म्हणावें तर दगडांतहि घड नाहीं, आणि दगड पुरून कोणी पाणी देत बसत नाहीं. म्हणून ‘आहे’ आणि ‘नाहीं’ यांच्या मधें ‘होऊं शकतें’ अशी एक खरी अवस्था मानावी लागते. तिला भाष्यकार सामर्थ्य म्हणतात, आणि घड प्रत्यक्ष लागला कीं तिला सिद्धि म्हणतात. मुख्य गोष्ट ही कीं, सामर्थ्य आपलें आपण सिद्धीस जात नाहीं. ऊन, पाणी, माती, असें कांहीं प्रत्यक्ष असलेलें त्यास लागतें.

येथूनच त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर सुरू होतें. साधारणपणें आम्ही असें सांगतों कीं, मुलास बाप, बापास आजा, आज्यास पणजा, असें मागें मागें जातां कोणीतरी पहिला असलाच पाहिजे, आणि तोच देव. हें संत थॉमसांचें म्हणणें नव्हे. जगास काळांत आरंभ होता हें आपण श्रद्धेनें मानतों. परंतु नुसत्या तर्कानें तें सिद्ध होत नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें आहे, आणि त्याबद्दल समकालीन पंडितांचा रोषहि पत्करला आहे. त्यांची कारणांची मालिका मागल्या काळाकडे जात नाहीं. ती याच क्षणीं उभी आहे.

धुळ्याकडील मंडळींस पांझरेवरची फड बागाईत ठाऊक आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटावरून चाऱ्या, आणि चाऱ्यांवरून वाफे. शेवटल्या वाफ्यांत पाणी खेळत असतां कोणी विचारलें, हें कोठून आलें? चारींतून. चारींत कोठून? पाटांतून. पण पाटास स्वतःचें पाणी नाहीं, चारीसहि नाहीं. चाऱ्या शंभर असोत कीं लाख असोत, केवळ चाऱ्यांची संख्या वाढवून पाणी उत्पन्न होत नाहीं. वर धरण भरलेलें आहे म्हणून या घटकेस खालीं ओल आहे. संत थॉमस म्हणतात तें याच जातीचें आहे. ज्या ज्या वस्तूस आपलें असणें दुसऱ्याकडून मिळतें, त्या साऱ्या चाऱ्या होत; आणि ज्याचें असणें कोणाकडून आलेलें नाहीं, जो स्वतःच सत्तेचा उगम आहे, त्यास आपण ईश्वर म्हणतों.

दृष्टान्त सर्वांगीं लागू पडत नसतो. पांझरेचें पाणीहि पावसाचें, आणि धरण आटतें. ईश्वर आटत नाहीं. तथापि मुलास एवढें तरी सांगतां आलें असतें: "बाळ, पाऊस कसा पडतो हें शाळा सांगते तें खरेंच आहे. पाणी कोणत्या चारीनें आलें हें ती सांगते. तिचें तें कामच आहे. आपण विचारतों तें एवढेंच कीं, चारींत पाणी आहेच मुळीं कां?" दोन प्रश्न निरनिराळे आहेत, एकाच्या उत्तरानें दुसरा मिटत नाहीं. या उत्तरानें त्याचें समाधान झालें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपला प्रश्न ऐकून घेतला गेला, एवढें त्यास कळलें असतें.

पहिला आक्षेप याहून कठीण आहे. अमंगल कां, हें पुस्तक विचारीत नाहीं, आई विचारते. संत ऑगस्टीन यांच्या आधारानें संत थॉमस उत्तर देतात कीं, ईश्वर इतका समर्थ आहे कीं तो अमंगलांतूनहि मंगल काढतो, आणि म्हणूनच त्याला वाव देतो. उत्तर खरें आहे. पण ज्या घरांतून नुकतीच लहान पेटी निघाली, तेथें जाऊन हें कलम वाचून दाखविणें म्हणजे क्रूरपणा होय. तेथें शेजारीं बसावें, चूल पेटवावी, जपमाळ हातीं घ्यावी. तर्काची वेळ वेगळी, सांत्वनाची वेगळी. हा विवेकहि शहाणपणाचाच भाग आहे. स्वतः संत थॉमसांनीं १२७३ सालच्या ६ डिसेंबर रोजीं मिस्सा अर्पण केल्यानंतर लेखणी खालीं ठेविली. जें दर्शन घडलें त्यापुढें आपलें सारें लिखाण गवताच्या काडीसारखें वाटतें, असें त्यांनीं सोबत्यास सांगितल्याची परंपरा आहे. ‘सुम्मा’ अपुरीच राहिली. ईश्वराविषयीं इतकें लिहिणारा पुरुष ईश्वरापुढें गप्प झाला, हें आम्हीं विसरूं नये.

आणखी एक गुण ध्यानांत घेण्याजोगा आहे. हे भाष्यकार शिकले कोणाकडून? ॲरिस्टॉटल ख्रिस्ती नव्हता. त्याच्यावर भाष्य लिहिणारा कॉर्डोव्हाचा काजी इब्न रुश्द मुसलमान होता. संत थॉमस त्याचें नांव न घेतां नुसतें ‘भाष्यकार’ म्हणतात, इतकी त्याची योग्यता. यहुदी पंडित मोझेस मायमोनिदेस यांसहि ते आदरानें उद्धृत करितात. जेथें पटलें नाहीं तेथें खंडनहि केलें: सर्व माणसांची बुद्धि एकच आहे या इब्न रुश्दपंथी मताविरुद्ध त्यांनीं १२७० सालीं स्वतंत्र प्रबंध लिहिला. आदर आणि मतभेद हे एकाच घरांत नांदतात, हें त्यावरून शिकावें. आपण ज्या गल्लींत राहतों तेथें डाव्या हातास एका धर्माचें घर, उजव्या हातास दुसऱ्याचें. शेजाऱ्यांचें म्हणणें नीट ऐकल्यावांचून त्यांस उत्तर देऊं लागणें हें ख्रिस्ती परंपरेस सोडून आहे.

परंतु सत्य सांगावयाचें तर, हा मार्ग ख्रिस्ती लोकांनींहि नेहमीं पाळला नाहीं. हिंदुस्थानांत पहिला छापखाना गोव्यास १५५६ सालीं आला. संत पावलाच्या महाविद्यालयांत त्यावर आरंभींच छापलें गेलें तें काय? जाहीर वादासाठीं विद्यार्थ्यांनीं मांडावयाचे सिद्धान्त! या देशांत छापखान्याचा पहिला उपयोग वादासाठीं झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. पण चारच वर्षांनीं, १५६० सालीं, त्याच शहरांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. जेथें प्रश्न विचारणाऱ्यास भय आहे, तेथें पूर्वपक्ष नांवाला उरतो, आणि उत्तर कितीहि शुद्ध असलें तरी तें मनांत शिरत नाहीं. पॅरिसलाहि असें घडलें होतें. संत थॉमसांच्या मृत्यूस बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, ७ मार्च १२७७ रोजीं, तेथील महागुरुस्वामींनीं २१९ मतें निषिद्ध ठरविलीं. त्यांतील कांहीं संतांच्या शिकवणीस लागत होतीं. १३२३ सालीं थॉमस संतपदास चढले, आणि १३२५ सालीं तो निषेध त्यांच्यापुरता मागें घेण्यांत आला. ख्रिस्तसभेनें आपली घाई अशी सुधारली. आम्हीं वर्गांत केलेली घाई मात्र आम्हांस सुधारतां आली नाहीं.

त्याच गोमंतकांत आशेचें उदाहरणहि आहे. इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरले. शास्त्राभ्यास झालेल्या या जेझुइत पाद्रीनें १६१६ सालीं मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केलें. त्यांत पाद्री एकटाच बोलत नाहीं. श्रोता मधेंच शंका काढतो, आणि पाद्री तिचें निरसन करितो. लॅटिन विद्यालयांतील प्रश्न आणि आपल्या कथेंतील श्रोतावक्ता यांची ती भेट होय. पुढें १८७९ सालीं पोप लिओ तेरावे यांनीं संत थॉमसांच्या अभ्यासास पुन्हां चालना दिली. १८९३ सालीं कँडी येथें हिंदुस्थानासाठीं स्थापन झालेलें सेमिनार १९५५ सालीं पुण्यास आलें. आणि १९९८ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं श्रद्धा व बुद्धि यांच्या ऐक्यावर परिपत्र लिहिलें. धर्मगुरूंच्या अभ्यासांत ही परंपरा चालू आहे. ती बांकांवर बसणाऱ्या आम्हां प्रापंचिकांपर्यंत उतरली नाहीं, एवढीच उणीव.

ती भरून काढण्यासाठीं आमची एक नम्र सूचना आहे, आणि तीहि नवी नव्हे. मध्ययुगीन विद्यापीठांत वर्षांतून दोन वेळां, आगमनकाळांत आणि उपवासकाळांत, खुली वादसभा भरे. तींत कोणींहि, कोणताहि प्रश्न विचारावा. प्रथम शिष्यानें उत्तर देण्याचा यत्न करावा; मागाहून निराळ्या दिवशीं गुरूनें निर्णय सांगावा. ज्युबिलीचें स्मारक म्हणून आपल्या धर्मग्रामांतहि वर्षांतून दोन संध्याकाळ अशा ठेवाव्या. नियम तीनच असावे. विचारणाऱ्याचें वय, शिक्षण वा हेतु यांची चौकशी करूं नये. उत्तर देणाऱ्यानें प्रथम प्रश्न आपल्या शब्दांत असा मांडावा कीं, विचारणारा म्हणेल, ‘होय, मला हेंच म्हणावयाचें होतें’. आणि उत्तर ठाऊक नसेल तर ‘पुढच्या सभेस पाहून सांगतों’ असें लाज न बाळगतां म्हणावें. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत आशेचें कारण विचारणाऱ्यास सौम्यतेनें व आदरानें उत्तर देण्यास सज्ज राहा असें सांगतात. त्या आज्ञेचें हें पालनच होईल.

देऊळ बांधण्यास दगड, चुना व वर्गणी लागते. ती आपल्या वडिलांनीं पोटास चिमटा घेऊन दिली. तें देऊळ पुढील पन्नास वर्षें भरलेलें राहावें असें वाटत असेल, तर मुलांच्या प्रश्नांस तेथें बसावयास जागा दिली पाहिजे. तो आमचा विद्यार्थी आतां संसारी गृहस्थ झाला असेल. या पुस्तिकेची एखादी प्रत फिरत फिरत त्याच्या हातीं पडलीच, तर त्यानें एवढें समजावें कीं, त्याचा प्रश्न पाप नव्हता, चूक आमची होती, आणि आगमनकाळांतील पहिल्या सभेस पहिला प्रश्न त्याचाच घेण्यांत येईल.

सर्व सत्याचा उगम जो परमेश्वर, तो आम्हांस विचारण्याचें धैर्य, ऐकण्याची सहनशीलता आणि उत्तर देतांना नम्रता देवो. आमेन.